खिडकीजवळचे पुपीत्रे

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला शाळेतले नवे शब्द म्हणून दाखवलेत. पेन्सिल, वही, खडू, फळा, सगळे स्पॅनिशमध्ये. मी मध्येच म्हटले, पेन्सिलीला ‘लापिथ’ म्हणतात, जिभेचे टोक दातांमध्ये धरायचे. तुम्ही हसलात. आमच्या टीचर ‘लापीस’ म्हणतात, आजी, तुला कुणी शिकवलं, असे विचारलेत. तुमच्या टीचर मेक्सिकोच्या आहेत, त्यांचे बरोबर आहे. मला शिकवणाऱ्या स्पेनच्या होत्या, त्यांचेही बरोबर होते. पण ‘कुणी शिकवलं’ याचे उत्तर फोनवर देण्याजोगे नव्हते. म्हणून लिहिते आहे. कुठे अडलात तर आईकडून वाचून घ्या.

मला एक धाकटी बहीण होती. माझ्या कपाटावर जो फोटो आहे, त्यात माझ्या शेजारी खुर्चीत बसलेली ती. ऐन उकाड्यात तिच्या मांडीवर शाल का, असे तुम्ही मागे विचारले होते. शालीखाली तिचे पाय होते. तिला पोलिओ झाला होता.

आम्ही अंधेरीला राहायला आलो तेव्हा ती दोन वर्षांची होती. आमच्या गिरगावातल्या नातेवाइकांना अंधेरी म्हणजे परगाव वाटे. बाबांना तिथे एका कौलारू घराच्या दोन खोल्या आणि पुढची पडवी भाड्याने मिळाली. आजी, म्हणजे बाबांची आई, म्हणाली होती की आषाढात बिऱ्हाड हलवू नये, दिवाळीनंतर जाऊ. बाबा ऑफिसात नोकरी करणारे, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे. त्यांनी ते हसून सोडून दिले. जागा हातची गेली असती, हेही खरेच होते. श्रावणात बहिणीला ताप भरला. ताप उतरला तेव्हा तिचे पाय उचलेनात. आजी त्यावर कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बाबांना बरे वाटले असते, असे मला आता वाटते.

मी जवळच्याच एका कॉन्व्हेंट शाळेत जात असे. शाळेची घंटा आमच्या पडवीत ऐकू येई. घंटा झाली की मी दप्तर घेऊन पळे, आणि बहीण पडवीच्या कठड्याला धरून बसून राही. तिला घरी शिकवायला कुणाची ना नव्हती. बाबांनी तिला बाराखडी शिकवली, आईने पाढे. पण तिला घरी शिकायचे नव्हते, शाळेत जायचे होते. संध्याकाळी मी घरी आले की दप्तर ठेवायच्या आत तिची चौकशी सुरू होई. कोण कोणाच्या शेजारी बसले, कुणाला उभे केले, फळा कुठल्या भिंतीला आहे. मला नीट सांगता आले नाही की ती म्हणे, “रोज जातेस नि बघत काहीच नाहीस. मला पाठवलं असतं तर मी सगळं बघून आले असते.”

शाळेतल्या लहान मुलींच्या वर्गाला एक स्पॅनिश सिस्टर होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, वयाने आईपेक्षा मोठ्या. इंग्रजी बोलताना शब्द अडला की त्या आपल्या भाषेतला शब्द वापरून मोकळ्या होत. आमच्या वर्गातला खडू संपला की आमच्या टीचर मला त्यांच्या कपाटातून आणायला पाठवत. एकदा त्यांनी खडूचा तुकडा हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “तिथा.” मी ते घरी येऊन सांगितले. बहिणीचे पुढचे दोन दात तेव्हाच पडले होते. तिने म्हणून पाहिले, तर तिच्या तोंडून नुसती शीळ आली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग ती गंभीर झाली. “आणखी विचारून ये,” म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी सिस्टरना विचारले. माझी बहीण शाळेत का येत नाही, हे त्यांनी मला विचारले. पुढच्या रविवारी त्या आमच्या घरी आल्या. बरोबर एक गोव्याच्या तरुण सिस्टर होत्या. त्यांची कोंकणी आईला चांगली समजे. स्पॅनिश सिस्टर पांढरा झगा सावरून सरळ जमिनीवर बसल्या आणि खिशातून एकेक वस्तू काढून बहिणीपुढे मांडू लागल्या. लापिथ. गोमा, म्हणजे खोडरबर. रेग्ला, म्हणजे पट्टी. कुआदेर्नो, म्हणजे वही. शब्द बरोबर आला की ती वस्तू तिची. त्या दिवशी सगळ्या वस्तू तिच्या झाल्या.

मग त्या बऱ्याच रविवारी येत. आजी त्यांना चहा स्वतः आणून देई, आणि कप मात्र वेगळा धूऊन ठेवी. त्या गेल्यावर बहीण पडवीत शाळा भरवी. मी विद्यार्थिनी. मला काही आले नाही की म्हणे, “एवढी घोडी झालीस, दौतीतल्या शाईला काय म्हणतात माहीत नाही? तिंता. बस खाली.” सकाळी घंटा झाली की ती कठड्यावरून ओरडे, “काम्पाना!” येणारे-जाणारे वळून बघत. बाबाही गमतीने ऑफिसला निघताना ‘काम्पाना झाली का गं?’ असे विचारू लागले होते. आमच्या घरात असे हसणे बऱ्याच दिवसांनी आले होते.

पण काही शब्दांच्या वस्तू सिस्टरना खिशातून आणता येत नव्हत्या. पिथार्रा, म्हणजे फळा. आणि पुपीत्रे. पुपीत्रे म्हणजे मुलांचा तो उतरत्या फळीचा डेस्क, ज्याला बसायची जागा जोडलेली असते आणि दौतीसाठी भोक असते. बहिणीने तसले काही कधी पाहिले नव्हते. मी चित्र काढून दाखवले, ते तिला पाळण्यासारखे वाटले. सिस्टर इंग्रजीत म्हणाल्या, मी मराठीत सांगितले, “हे दोन शब्द तू वर्गात येऊन घे.”

हे त्या बोलण्यापुरते म्हणाल्या नव्हत्या. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मदर म्हणत. मदरनी बाबांना याआधी एकदा नाही म्हटले होते. मुलीला उचलणार कोण, इतर पालक घाबरतील, वर्ग वरच्या मजल्यावर. स्पॅनिश सिस्टरनी त्यांना सांगितले की माझा वर्ग तळमजल्यावर आहे, मुलीला मी उचलीन, पालकांशी मी बोलेन. बहीण सात वर्षांची, वर्गातल्या मुली तिच्याहून लहान, पण त्याला कुणाची हरकत नव्हती. मदर हो म्हणाल्या. भाद्रपदाचे दिवस होते, गणपती नुकतेच गेले होते. सिस्टर घामाघूम होऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, सोमवारी आणा.

आई तिथल्या तिथे रडू लागली. बहिणीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

आजी आतून आली. तिने मला विचारले, सोमवारी म्हणजे कधी. मग तिने बोटांवर मोजले आणि बाबांना म्हणाली, “अरे, पितृपंधरवडा लागतोय. पोरीची पहिली पाटी पितरांच्या दिवसांत धरायची?”

तुम्हाला हे सांगायला हवे. भाद्रपदातले ते पंधरा दिवस आपल्याकडे गेलेल्या माणसांसाठी असतात. त्या दिवसांत कुणी नवे काही सुरू करत नाही. आजी म्हणत होती की नवरात्र बसू दे, दसऱ्याला घरी पाटीपूजन करू आणि मग शाळेत पाठवू. दसऱ्यासारखा मुहूर्त नाही. शाळा काही पळून जात नाही.

बाबा पडवीत गेले आणि रस्त्याकडे पाहत उभे राहिले. दुसरी कुठलीही गोष्ट असती तर त्यांनी आजीचे ऐकले नसते. पण एकदा त्यांनी तिचे ऐकले नव्हते, आणि त्यानंतर काय झाले ते रोज त्यांच्या समोर हातांवर सरकत होते. आत येऊन ते एवढेच म्हणाले, “दसऱ्यानंतर पाठवू.”

गोव्याच्या सिस्टरनी हे सारे स्पॅनिश सिस्टरना समजावले. मला भीती वाटत होती की त्या रागावतील. पण त्यांनी मान हलवली. त्यांच्या गावातही मेलेल्या माणसांसाठी वेगळे दिवस असतात, म्हणाल्या, आणि आजीचा हात हातात घेतला. कुणाचेच काही चुकले असे त्या संध्याकाळी कुणाला वाटले नाही. फक्त बहिणीने मला झोपताना विचारले, “पितर आपलेच ना गं, ताई? मग ते कशाला रागावतील?”

तयारी मात्र जोरात सुरू झाली. आईने माझा जुना युनिफॉर्म उसवून तिच्या मापाचा केला. बाबांनी लाकडी चौकटीची नवी पाटी आणली. सिस्टरनी मला वर्गात बोलावून दाखवले, खिडकीजवळच्या पुपीत्रेची पुढची आडवी पट्टी त्यांनी सुताराकडून काढून घेतली होती, म्हणजे बहिणीला बाजूने आत बसवता येईल. बैठकीवर एक उशी बांधली होती. मी घरी येऊन सगळे वर्णन केले. या वेळी मी नीट बघून आले होते.

नवरात्रात एका सकाळी मी खडू आणायला गेले, तर कपाटापाशी दुसऱ्याच सिस्टर उभ्या होत्या. स्पॅनिश सिस्टरची बदली झाली होती, कुठेतरी गुजरातेत. त्यांच्या पंथात वरून आज्ञा आली की निघायचे, कारण विचारायचे नाही. एक छोटी बॅग घेऊन त्या आदल्या दिवशी गेल्या. आमच्याकडे यायला त्यांना वेळ मिळाला नाही, असे गोव्याच्या सिस्टरनी मला सांगितले. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी घरी आईला सांगितले. आई म्हणाली, दसरा होऊ दे. सणाचे दिवस आहेत, आणि मदर आहेतच की.

दसऱ्याला आजीने नव्या पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. बहिणीने झेंडूचे फूल वाहिले. युनिफॉर्म घालायचा हट्ट तिने सकाळपासूनच धरला होता, आणि आईने तो घातला. पाटी मांडीवर घेऊन ती सारा दिवस तशीच बसली. आपट्याची पाने द्यायला आलेल्या प्रत्येकाला ती सांगत होती, उद्यापासून माझी शाळा.

दुसऱ्या दिवशी बाबा आधी एकटेच मदरना भेटायला गेले. मदर चांगल्या बोलल्या. ती सारी व्यवस्था त्या सिस्टरची होती, म्हणाल्या. नव्या सिस्टर तरुण आहेत, इतक्या लहान मुलींना एकटीने सांभाळायचे, त्यात ही मुलगी, त्या घाबरतात. पुढच्या जूनमध्ये पाहू. बाबा तसेच ऑफिसला गेले. घरी येऊन सांगायचे त्यांच्याने झाले नाही. ऑफिसच्या शिपायाबरोबर त्यांनी आईला चिठ्ठी पाठवली.

बहिणीबरोबर जायचे म्हणून मी त्या दिवशी घरीच थांबले होते, चिठ्ठी मीच वाचून दाखवली. आजीने ऐकले, आणि बहिणीला उचलून कडेवर घेतले. नऊवारीतली साठी उलटलेली बाई, कडेवर युनिफॉर्ममधली सात वर्षांची मुलगी. मी पाटी घेऊन मागे. भर दुपारी आम्ही शाळेत गेलो. आजीला इंग्रजी येत नव्हते आणि मदरना मराठी. आजीने मदरना काय सांगितले ते मीच इंग्रजीत बोलले. “चूक माझी आहे. पोरीची नाही. मी वर्गाबाहेर बसेन. तिला उचलीन, परत नेईन. तिला नुसतं आत बसू दे.” मदरचे डोळे भरले होते हे मी पाहिले. पण त्या म्हणाल्या, जूनमध्ये.

परतताना आजी लहान मुलींच्या वर्गाच्या खिडकीशी थांबली. दम लागला म्हणून थांबली असेल, किंवा मुद्दाम. बहीण तिच्या खांद्यावरून आत पाहत होती. कितीतरी वेळ पाहत होती. मी म्हटले, ते बघ, पिथार्रा. तिने मान हलवली.

घरी आल्यावर ती म्हणाली, “पुपीत्रे पाळण्यासारखं नसतं, ताई. तू चुकीचं काढलं होतंस.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “उशी आहे अजून. दुसरी मुलगी बसलीय तिथे.”

त्या रात्री आजी जेवली नाही. बाबा समजावायला गेले तेव्हा ती त्यांना म्हणाली, “माझ्या सासऱ्यांना लहान पोरं फार आवडायची रे. त्यांचं काय बिघडलं असतं?” बाबा तिच्याजवळ बसून राहिले. त्या दोघांना इतके जवळ बसलेले मी अंधेरीला आल्यापासून पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. मी दप्तर घेतले. बहीण कठड्यापाशीच होती, पण ओरडली नाही. त्यानंतर कधीच ओरडली नाही. शब्द विसरली नव्हती, मी विचारले तर सांगे, पण आपणहून म्हणत नसे. मीही मग विचारणे सोडले. जून यायचा होता. तो यायच्या आधी, माघाच्या थंडीत, तिच्या छातीत कफ झाला. पाठीचेही बळ गेलेले, तिला नीट खोकता येईना. ती गेली. आईने तिला तोच युनिफॉर्म घातला. कुणी घालू नको म्हटले नाही, आजीनेही नाही.

फोटो त्या दसऱ्याचा आहे. शालीखाली पाटी आहे, वरून दिसत नाही इतकेच.

स्पॅनिश सिस्टरना हे कळले की नाही, मला माहीत नाही. पुढे मी भरपूर शिकले, इंग्रजीतून शिकले, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवले. स्पॅनिश पुन्हा कधी शिकले नाही. येतात ते तेवढेच शब्द, एका वर्गाचे.

परवा तुमचे शब्द म्हणून झाल्यावर मी तुम्हाला विचारले की तुमचा डेस्क खिडकीजवळ आहे का. तुम्ही म्हणालात, आजी, तू प्रत्येक फोनवर हेच विचारतेस.