टेपमधली कुंई आणि तात्यांचा नवा रंग

ते आठवलं की अजून मला बसवत नाही, कुणाला तरी सांगावंसं वाटतं. लासुर्ण्यात आमच्या चुलत सासऱ्यांची, तात्यांची, वडापची जीप होती. शिटं भरली की बारामतीला निघायची. नव्वदीनंतर त्या रस्त्यावर वडापच्या गाड्या इतक्या झाल्या की माणसं गाडी बघून नाही, टेप ऐकून बसायला लागली. मग तात्यांनीही टेप आणला, आणि बसवायचं काम दिलं कुणाला? मला! घरच्या सुनेला!

त्याचं असं की, माहेरी कोऱ्हाळ्याला असताना थोरल्या भावाचा मुका झालेला रेडिओ मी बोलता केला होता. तेव्हापासून आपलं उघडून बघायचं, कधी जाळायचं, कधी जोडायचं, असं शिकत गेले. सासरी आल्यावर शेजारपाजारचे रेडिओ यायचे, पण ते घरात बसून, पदर सांभाळून. चारचौघांत गाडीला हात लावायची ही पहिलीच खेप.

तात्यांची अट एकच. "सूनबाई, काय बी कर, पण माझ्या रंगाला चरा पडाय नगं." आठवड्यापूर्वीच इंदापूरहून गाडी रंगवून आणलेली, माशी बसली तर घसरंल अशी चकाकत होती. मी म्हटलं, व्हय. टेपची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडावी लागते. ती मी डॅशबोर्डखाली आधीच असलेल्या एका स्क्रूखाली दाबली. भोक नाही, चरा नाही. टेप लावला, गाणं असं खणखणीत वाजलं की तात्यांनी नारळ फोडला. मग इंजिन चालू केलं.

कुंईऽऽऽ!

ॲक्सिलेटर दाबला की कुंई वर चढायची, सोडला की खाली यायची. गाणारी बाई एकीकडं आणि ही बया एकीकडं! पहिल्याच फेरीला मागच्या शिटावरून एकजण म्हणाला, "तात्या, गाडीत डास शिरलाय जणू." दुसरा म्हणतो, "डास कसला, पिठाची गिरण हाय ती!" एक म्हातारी तर डोकं उठलं म्हणून कळंबच्या फाट्यालाच उतरली. तिसऱ्या दिवशी माणसं तात्यांच्या गाडीपुढून जाऊन मागच्या गाडीत बसली.

संध्याकाळी तात्या दारात आले. "बारामतीच्या टेपवाल्याला इचारलं. तो हसाय लागला. म्हणला, बाईनं बसवलाय व्हय? मग उपसूनच काढू. परवा सकाळी नेतो मी त्याच्याकडं गाडी."

मी बसवलेलं उपसून काढणार, आणि तेही हसत! एकदा तसं झालं की या गावात मला वायर कोण हातात देणार? मी म्हटलं, "तात्या, उद्याचा एक दिवस द्या. न्हाय जमलं तर खुशाल न्या."

सकाळी तात्याच माझ्या मदतीला! म्हणे, "मला कळलं. हिला अर्थिंगच न्हाय. रबराच्या टायरवर हुभी हाय ती." विहिरीवरची मोटर करंट मारायला लागली की ते अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून पाणी ओतायचे, मग मोटर सुतासारखी सरळ. तोच इलाज इथं. जीपच्या मागं साखळी बांधून जमिनीला टेकवली, वर मिठाच्या पाण्याची घागर ओतली. आणि खरं सांगते, मलाही क्षणभर पटलं की हो! घागर मीच आणली. इंजिन चालू केलं, तर कुंई होती तशीच, वर साखळीची खळखळ. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अगं बाई, गाडी का दाव्याला बांधलीया? पळून जाती का काय?"

हसून झालं आणि एकदम डोक्यात आलं: गाडीचं जमिनीशी काय देणंघेणं? गाडीची जमीन म्हणजे तिचा पत्राच की!

मग मी एकेक गोष्ट बाजूला काढत गेले. आवाज पार बारीक केला, तर गाणं गेलं, कुंई तेवढीच. म्हणजे कॅसेटचा दोष नाही. इंजिन बंद केलं की गप्प, पळवलं की चढते. म्हणजे येतेय बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोकडून. आता शिरते कुठून? एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टेपच्या पत्र्याला टेकवलं.

गप्प! कुंई गायब! काढलं, आली. टेकवलं, गेली. मी आपली लहान पोरीसारखी टेकवतेय, काढतेय. "तात्या, गावली! गावली!"

म्हणजे दोष माझ्या काळ्या वायरीतच. डॅशबोर्डखाली वाकून बघितलं, तर इंदापूरच्या रंगाऱ्यानं स्क्रूसकट सगळं रंगवलेलं, आणि माझी वायर बसली होती रंगावर. पत्र्याला नीट टेकलीच नव्हती. चूक माझीच. तात्या म्हणाले, "मग ही लांब वायरच ऱ्हाऊ दे की." मी म्हटलं, "इंजिनाच्या धगीनं आठ दिवसांत वितळंल. जाग्यावरचा रंग खरवडाय लागंल."

तात्यांनी खाली वाकून तो स्क्रू बघितला. "किती?"

"आठ आण्याएवढा. खाली वाकल्याबिगर दिसणार न्हाय."

"मला म्हाईत असणार न्हवं का!"

जरा वेळ बॉनेटवरून हात फिरवत राहिले. मग माझ्या हातातला पॉलिश पेपर घेतला. "सर बाजूला. चरा पडायचाच तर माझ्या हातनं पडू दे." आणि तोंड वाकडं करून घासायला लागले, जणू स्वतःचीच कातडी सोलतायत. पांढरा पत्रा चमकला, मी वायर आवळली. तात्यांनी ॲक्सिलेटर तळाला नेला. गाणं! नुसतं गाणं! सासूबाईंनी ओट्यावरच टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला पुढच्या शिटावर बसवलं आणि गाडी थेट टेपवाल्याच्या दुकानासमोर लावली. इंजिन घुमवत ठेवलं. तो हात पुसत बाहेर आला, आत वाकला, आवाज कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. मग विचारलं, "काळ्या वायरचं अर्थिंग कुठनं घेतलं?"

"रंग खरवडून!" तात्या छाती काढून म्हणाले. "रंग खरवडल्याबिगर भागत न्हाय!"

"तुमाला न्हाय तात्या," टेपवाला म्हणाला, "ताईंना इचारतोय."

मी गाडीतून उतरले आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं.