साहेबाची शेरवानी आणि आमची वेठ

निजामाच्या काळातला एक किस्सा काढावा, तर त्याच्या मागं चार आपोआप येतात. ऐकणारे हसतात. मला मात्र अजून राग येतो!

परंड्यात आमचं शिंप्याचं दुकान होतं, कचेरीसमोरच्या बाजारात. मशीनवर रहीमचाचा, काजं-बटणाला मी, आणि ओट्यावर गप्पा हाणायला धोंडिबा गाडीवान. कचेरीतला साहेब दौऱ्यावर निघाला की गावाला वेठ लागायची. म्हणजे काम सरकारचं, घाम आपला, मजुरी शून्य!

*

ऐन पेरणीत शिपाई आला. "धोंडिबा, गाडी जुंप. साहेबाचं सामान कॅम्पवर न्यायचंय."

"जमिनीत वापसा हाय तवर पेरून येतो की."

"सरकार थांबत न्हाय."

"मग वापसा थांबतो व्हय?"

शिपायानं त्याच्या कानाखाली वाजवली आणि बैल नेले. परत आले तेव्हा एकाचा खांदा सोलून निघाला होता. आणि सामान काय होतं? बेगमसाहेबांचा झोपाळा!

*

धोंडिबा कचेरीत रडगाणं घेऊन गेला. साहेबाचा कारकून, पेशकार, मागोमाग आमच्याच ओट्यावर येऊन त्याला समजावू लागला, "अरे, सगळ्यांच्या भल्यासाठी एकेकानं थोडं सोसावं."

चाचांनी मशीन थांबवलं. "पेशकारसाहेब, हे 'सगळे' राहतात कुठं? आमच्या गल्लीत तर एकेकच राहतो!"

*

पुढच्या दौऱ्याला साहेबाच्या माणसांना झोपायला घरोघरच्या बाजा गोळा करायचा हुकूम निघाला. धोंडिबाच्या घरात एकच बाज, तिच्यावर बाळंतीण सून. शिपाई थेट आत शिरले. धोंडिबाची बायको सोनाबाई दारात आडवी झाली नाही, उलट बाजूला सरली.

"न्या की! पण पोरीसकट उचला. अन् बाळाचं लंगोटं साहेबाला धुवाया सांगा."

बाज जागची हलली नाही.

*

आता शेवटचा. यापायी चाचांना हवालात झाली. मशीन जप्त झालं, ते कधी परत आलं नाही.

साहेबाची शेरवानी वेठीवर शिवायची होती. साहेब फिटिंगला दुकानात आला, कच्चे टाके घातलेली शेरवानी अंगावर चढवली आणि चाचांनी मजुरी मागितली तसा आरशात बघत म्हणाला, "सरकारच्या राज्यात राहतोस, मजुरी कसली मागतोस?"

चाचांनी कात्री घेतली. एक बाही उसवली. मग दुसरी. मग पाठ. भर बाजारात साहेबाच्या अंगावरून तुकडे गळायला लागले.

"कापड सरकारचं, घेऊन जा," चाचा म्हणाले. "धागा माझा हाय."

साहेब ओरडला, "कुणाच्या हुकमानं उसवलंस?"

चाचांनी कात्री खाली ठेवली.

"माझ्या!"