कानतुटका कप

आज सुरतेत रद्दीतल्या कादंबरीचा वास आला आणि सत्तरच्या दशकातली नाशिक रोडची ती गॅलरी आठवली. हरसूलची मी, चौथीत शाळा सुटलेली, विशीतली मोलकरीण. मी तांदूळ निवडायचे आणि बाईंचा सुधीर मला वाचून दाखवायचा. त्या दिवशी कादंबरीतला जमीनदाराचा मुलगा मजुराच्या पोरीच्या पेल्यातून पाणी प्यायला, तसा सुधीरचा आवाज भरून आला.

“आपलंही असंच होईल बघ.”

बाई चहा ठेवून गेल्या. माझा कानतुटका कप वेगळा असायचा, खिडकीतला. भीत भीतच मी तो पुढे केला.

“घ्या की एक घोट.”

“आई बघेल गं.”

आई तर आत गेली होती.

मला नीट वाचायला त्यानेच शिकवलं, ते उपकार मी विसरले नाही. तेव्हा मात्र चहा संपवून मी कप धुतला आणि पुन्हा खिडकीत ठेवला.