गुलाबी जॅकेट आणि गोवेलीचा चहा

आमच्या डोंबिवलीच्या सायकल ग्रुपात किलोमीटर मोजायला ॲप आहे, किस्से मोजायला मात्र काही नाही. दर रविवारी एखादा तरी पदरात पडतोच आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे माझ्यामुळेच! कारण मी कायम शेवटी.

राईड ठरलेली. डोंबिवलीहून निघायचं, कल्याण ओलांडून मुरबाड रोडने गोवेलीच्या टपरीवर चहा आणि परत.

*

पहिल्या रविवारी मी थंडीला घाबरून स्वेटर, त्यावर जॅकेट, मफलर, हातमोजे, कानटोपी असा सगळा जामानिमा करून निघाले. पत्रीपुलापर्यंतच घामाघूम! मग एकेक काढून पुढच्या बास्केटमध्ये टाकत गेले. कल्याणला सगळे माझी वाट बघत थांबलेले. ग्रुपातली सगळ्यात लहान मनाली बास्केटकडे बघून म्हणाली, "काकू, इस्त्रीवाल्याकडे जाऊन आलात का?"

*

आमचे म्होरके जोगळेकरकाका. सत्तरी ओलांडली तरी कायम पहिले. एकदा माझी दया येऊन ते मागे आले आणि चढावर माझ्या शेजारून चालवत त्यांच्या नोकरीतल्या गोष्टी सांगू लागले. मी नुसती "हं... हं..." करत होते. बोलायला श्वास कुठे होता!

वर पोचल्यावर काका कौतुकाने म्हणाले, "वहिनी, तुमच्याइतकी शांत बाई मी पाहिली नाही!"

घरी हे सांगितलं तर आमचे हे सोफ्यावरून पडायचेच बाकी होते. "काकांना एकदा घरी जेवायला बोलाव," म्हणाले.

*

सुबोधची सायकल आमच्यात सगळ्यात महाग, त्यामुळे सल्लेही तोच देतो. "कोणाच्या तरी मागे चिकटून चालवा. वारा पुढचा खातो, तुम्ही आरामात!"

पटलं. पण चिकटायला पुढे कोणी असायला हवं ना? शेवटी कल्याणात भाजीचा एक टेम्पो मिळाला, माझ्याच वेगाने रमतगमत चाललेला. काय सुख! ना वारा, ना दम. टेम्पो वळला, मीही वळले, आणि मान वर करून बघते तर थेट भाजी मार्केटात! मागून हमाल ओरडतोय, "ओ मावशी, गाडी बाजूला घ्या, माल उतरायचाय!"

गोवेलीला पोचले तेव्हा बास्केटमध्ये मेथीच्या जुड्या. सगळे बघतच राहिले. "गेलेच होते, तर घेतली," मी म्हटलं.

*

ग्रुपचे नियम दोनच, दोन्ही काकांनी घातलेले. चालवताना फोन बंद. आणि शेवटचा माणूस आल्याशिवाय पुढे निघायचं नाही, चहाही प्यायचा नाही.

टपरीवाल्या शेवंतामावशींनी यातून सोपी युक्ती काढली होती. वळणावर माझं गुलाबी जॅकेट दिसलं की सगळ्यांचा चहा ओतायला घ्यायचा. "ताई आल्या म्हंजे सगली आली!"

सगळे हसायचे, मीही हसायचे. पण त्या गारठ्यात, चहाचा वास नाकात जात असताना नुसते हात चोळत बसलेली ती माणसं बघून मला मनापासून वाईट वाटायचं. त्यात काका लांबूनच ओरडायचे, "सावकाश या वहिनी, घाई नाही!" मग तर जास्तच. शेवटी ठरवलं, पुढच्या रविवारी माझ्यासाठी चहा थांबला तर ग्रुप सोडायचा. मनालीला सांगूनही टाकलं, "योगा क्लास लावते."

*

तो रविवार. रायत्याला उल्हास नदीच्या पुलाअलीकडपासूनच एवढं धुकं की पुढचं चाक दिसेना. एरवी लांब का होईना, पण बाकीच्यांचे लाल दिवे दिसायचे, तेही गायब. म्हटलं, गेले हे पार पुढे! जीव खाऊन पेडल मारले.

गोवेलीला टेकले तेव्हा बाकावर वाफाळते ग्लास ओळीने भरून तयार. माणूस मात्र एक नाही!

"बाकीची कुठं?" मावशींनी विचारलं.

घाईघाईने फोन चालू केला, तोच वाजला. मनाली जवळजवळ रडतच होती. "काकू, आहात कुठे? सुबोधदादाचं पंक्चर झालं म्हणून आम्ही पुलाअलीकडे शेडखाली थांबलो. पंक्चर कधीच काढून झालं, आता तुमच्यासाठी थांबलोय! काका तुम्हाला शोधायला उलटे कल्याणकडे गेलेत, आणि त्यांचा फोन बंद!"

मावशींनी ग्लास परत पातेल्यात ओतले. मीही एक घोट घेतला नाही, नियम म्हणजे नियम. थोड्या वेळाने, काकांना मेसेज टाकून, एकेक जण कुडकुडत आला आणि गुपचूप माझ्या शेजारी हात चोळत बसला.

"मग, योगा क्लास?" मनालीने हळूच विचारलं.

"बघू," मी म्हटलं.

बऱ्याच वेळाने वळणावर काका दिसले. कानटोपीवर दव, तोंडातून वाफा, सायकल जेमतेम पुढे सरकतेय. मावशींनी पातेलं उचललं. मी उठून उभी राहिले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले,

"सावकाश या काका, घाई नाही!"