पानावरचा चालू नंबर

धान खरेदी केंद्राची वेबसाइट करून देतो असं मी सहज बोलून गेलो आणि हौसेनं डोकेदुखी विकत घेतली. पान साधंच होतं: पत्ता, वेळ, कोणती कागदपत्रं आणायची. एकदा लिहिलं की हंगामभर तसंच. पण लोकांना हवा होता चालू टोकन नंबर, आणि तो तर तासातासाला बदलणारा. म्हणून मी त्या ठरलेल्या पानात एक ओळ घातली. कुणी पान उघडलं की सर्व्हर आधी माझा छोटासा प्रोग्रॅम चालवणार, त्यातून निघालेला नंबर त्या ओळीच्या जागी बसवणार आणि मग पान पाठवणार.

मी स्वतःवर भलताच खूश होतो. नियमही प्रोग्रॅममध्येच पक्का करून टाकला: पुकारल्यावर हजर नसलेला आपोआप यादीच्या शेवटी. केंद्राचे सचिव म्हणाले, एखादा नंबर वर घ्यायचं बटण ठेवा. मी साफ नाही म्हटलं. बटण दिलं की वशिला आलाच.

मग फोन सुरू झाले. "नंबर जुनाच दिसून राहिला जी." मी कुडव्याच्या घरून गाडी काढून केंद्रावर जायचो, माझ्या मोबाईलवर पान उघडायचो, तर नंबर बरोबर. सचिवांनी भरलेला बरोबर, सर्व्हरवरचाही बरोबर. म्हणजे चुकतात ते लोकच! रिफ्रेश करा, रिफ्रेश करा, असं सांगून माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी शेवटी तर मी फोन उचलल्याबरोबर तेच म्हणायचो, समोरच्याचं ऐकूनही घेत नव्हतो.

एका दुपारी मी केंद्रावरच होतो. दरेकशाकडच्या एका टोलीवरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची, एक बाई धानाची ट्रॉली घेऊन आली. तिचं टोकन एकशे चाळीस, आणि पुकारा एकशे त्रेसष्टचा चाललेला. यादीच्या शेवटी जायचं म्हणजे आणखी आठ दिवस. तोवर धान उघड्यावर, आणि आभाळ सकाळपासून भरलेलं. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. पानावर नंबर एकशे एकतीस होता.

"मावशी, रिफ्रेश का नाही केलं?" मी खेकसलोच.

"घरी रेंज कुठी रायते जी? टेसनावर जाऊन पान उघडलं, तसंच उघडं ठेवून घरी आणलं. दोन दिवस बंद नाही होऊ देलं. सारी टोली त्यातच पाहून राहिली."

शेजारच्या चुलीतून विस्तव आणावा तसं जपून तिनं ते पान घरी नेलं होतं. आणि ते खोटं नव्हतं. स्टेशनावर उघडलं त्या घटकेला नंबर एकशे एकतीसच होता. फक्त ती घटका कोणती, हे मी पानावर कुठंच लिहिलं नव्हतं. एवढी साधी अक्कल नसताना मी साऱ्या तालुक्याला शहाणपण शिकवत होतो. मला माझीच लाज वाटली.

रांगेतले लोक म्हणाले, "जाऊ द्या बाईले." सचिवांनी हात वर केले. "मी त आत्ताच घेतो जी. पण तुमचं कम्प्यूटर घेत नाही. बटण तुमीच नाही देलं."

मी पोत्यावर बसलो, लॅपटॉप उघडला आणि साऱ्यांच्या देखत यादीत हात घालून तिचा नंबर वर आणला. वशिल्याला वाट नको म्हणणाराच मी. मग प्रोग्रॅममध्ये आणखी एक ओळ घातली. दोन मिनिटांचं काम होतं.

बाई शेजारी उभी राहून बघत होती. "आता काय लिवलं, बाबू?"

"नंबर कोणत्या दिवसाचा, किती वाजताचा, ते."

"मंग हे पयलेच काऊन नाही लिवलं?"