याडीच्या पायातलं भजन

आमची याडी बसली की विसरायची आणि चालायला लागली की तिला आठवायचं. यात अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती करायची तेव्हा मी मोकळेपणानं करतो, ती तुम्हाला ओळखू येईल. खाटेवर बसलेल्या याडीला मधल्या नातवाचं नाव विचारलं तर ती तुमच्याकडे अशी पाहायची, जणू तो नातू तुम्हीच. मग उठून अंगणात चार पावलं टाकायची, की नातवाचं नाव, त्याच्या बायकोचं माहेर, लग्नातल्या वरणात मीठ कमी पडलं होतं ते, सगळं बाहेर. एकदा तहसील कचेरीत बाबूनं वय विचारलं, तर ही त्याच्या टेबलाभोवती फिरू लागली. आपल्याला कोणी प्रदक्षिणा घालतंय म्हणून तो बिचारा संकोचून उभा राहिला. तिसऱ्या फेरीला याडी म्हणाली, "लिही बापा, पंच्याऐंशी."

याडी म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. नात्यानं ती माझ्या वडिलांची काकू. पण आर्णीजवळच्या आमच्या तांड्यात साठेक उंबरे, आणि त्या सगळ्यांची ती याडीच. आरशांचा घेरदार फेटिया म्हणजे घागरा, कोपरापर्यंत बांगड्या, पायात चांदीचे वाळे. ती येते आहे हे आधी ऐकू यायचं, मग दिसायचं.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणत. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला देव ठरलेला असे: कुठे विहीर, कुठे वड, कुठे खिंड. त्या देवाचं एक कडवं म्हणायचं, मूठभर मीठ ठेवायचं, पुढे निघायचं. अशी सगळी कडवी मिळून एक भजन. थोडक्यात, आमच्या लोकांचं देऊळ कित्येक कोस लांबीचं होतं आणि त्याला छत नव्हतं. हे भजन याडीला तिच्या आजेसासूनं शिकवलं. ती म्हातारी लहानपणी लदेणीबरोबर चाललेली. ऐंशी वर्षांची झाल्यावर नव्या नातसुनेला घेऊन तिनं ती सगळी वाट एकदा पायी दाखवली. तेवढीच शाळा.

आता कबुली. तांड्यातलं ते भजन बंद पाडलं मी. आर्णीला माझं बिछायत केंद्र आहे: मंडप, सतरंज्या, खुर्च्या, स्पीकर. तांड्याच्या पूजेला पहिल्यांदा स्पीकर लावला तो मीच, आणि तोही फुकट, भक्तिभावानं. त्या आवाजापुढे याडीचा आवाज कोणाला ऐकू येणार? दोन वर्षं ती तशीच गात राहिली, तिसऱ्या वर्षी गप्प झाली. त्यानंतर वीस वर्षं कोणालाच काही कमी वाटलं नाही.

मग याडीचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, फार दिवस साथ देणार नाहीत. त्याच संध्याकाळी ती काठी टेकत माझ्या दुकानात आली आणि येरझारा घालत म्हणाली, "बेटा, त्या भजनाचं शेवटचं कडवं मले आठवून नाही राह्यलं. बाकी सगळं आहे. अर्धं भजन घेऊन वरती गेली तर आजेसासू विचारन, 'लदेणी कुठी सोडली वं?' काय सांगू? हायवेवर?"

"याडी, आजेसासू वरती गेल्याला सत्तर वर्षं झाली. ती विसरली असेल."

"थे बाई? थे मले बसूच देणार नाही. वरतीबी उभीच ठेवन."

हे मी आमच्या नाझरसाहेबांना सांगितलं. तहसीलमधून नाझर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ. पिढ्यान्पिढ्या कचेरीत घालवलेलं घराणं. घरात देवाची आरतीसुद्धा विषय आणि संदर्भ लिहून करत असतील असा माझा संशय आहे. जुनी भजनं गोळा करायचा त्यांना नाद. ते ताडकन उठले. "अरे, मग वाट कसली पाहता? ध्वनिमुद्रण करा!"

यवतमाळच्या एका स्टुडिओत याडीला माइकपुढे बसवलं. बसवलं, तिथंच चुकलं. ती माइककडे पाहत राहिली. उभं केलं, चालायला सांगितलं, तर खोली दहा बाय दहाची. चार पावलांत भिंत. भिंत आली की याडी वळायची आणि कडवंही उलटं फिरून पहिल्या ओळीवर यायचं.

पुढची कल्पना माझी होती. मला तिचा आजही अभिमान आहे. आर्णीत एक जिम आहे, तिथे चालायचं मशीन आहे. एका दुपारी आम्ही याडीला त्या पट्ट्यावर चढवलं. आरशांचा फेटिया, वाळ्यांचा छनछनाट, चारी भिंतींना आरसे. एक याडी पाहता पाहता चाळीस याड्या झाल्या. दंड फुगवणारी पोरं वजनं खाली ठेवून हात जोडून उभी राहिली. याडी चालली आणि गायली! खणखणीत! विहिरीचं कडवं. मग पुन्हा विहिरीचं कडवं. मग पुन्हा. अकराव्या वेळेला नाझरसाहेबांनी विचारलं, "याडी, दुसरं कडवं?"

"कुठून येईन दुसरं?" ती चालता चालता म्हणाली. "पाय चालून राह्यले, पण विहीर तर मांगं जाऊनच नाही राह्यली!"

आम्ही मशीन बंद केलं. वाटच चालायला हवी होती.

वाटेला बैल हवा. तो मिळाला, आमच्या शेजाऱ्याचा हिऱ्या. पण मोकळा बैल याडीला चालेना. "ओझं नसलं का तो पाहुण्यासारखा चालते," ती म्हणाली. म्हणून त्याच्या पाठीवर दोन गोण्या, गोण्यांत मीठ. पूर्वजांचं खडेमीठ कुठून आणणार? किराणा दुकानातल्या एक-एक किलोच्या पिशव्या भरल्या. आयोडीनयुक्त.

दर सोमवारी निघायचं आणि याडीचे गुडघे देतील तेवढंच चालायचं. पुढच्या सोमवारी मागच्या जागेपासून सुरुवात. याडीला आणि हिऱ्याला तिथपर्यंत टेम्पोनं न्यायचं. लदेणीचा बैल टेम्पोत उभा राहून, वाऱ्यावर कान उडवत, चालण्याच्या जागी जायचा. मी दुचाकीवर, पहिल्या गिअरमध्ये, एका हातात माइक. दुसऱ्याच सोमवारी याडीनं हिऱ्याला थांबवलं.

"गाडी बंद कर."

"काहून?"

"भजन तू शिकून राह्यला का तुझी गाडी?"

मागच्या सोमवारचं ध्वनिमुद्रण मी तिला ऐकवलं होतं. कान लावून पूर्ण ऐकलं तिनं, आणि तोंड वाकडं करून म्हणाली होती, "हे तर बसलेलं आहे. कोणाच्या पायात गेलं पाह्यजे." मी गाडी तांड्यावर सोडली. पंचेचाळीस वर्षांच्या, मंडपाचे बांबू मोजण्यापलीकडे व्यायाम नसलेल्या माणसाला पाय म्हणजे काय ते त्या हिवाळ्यात कळलं.

पहिल्या मुक्कामाच्या विहिरीवर आता पेट्रोल पंप आहे. याडी थेट डिझेलच्या मशीनपुढे थांबली, डोळे मिटले आणि गायली. मूळ आमच्या बोलीत. अर्थ असा: विहिरीच्या आई, तहान आमची, पाणी तुझं. बैल ढेकर देतील तेव्हा उठू. पंपावरची माणसं कौतुकानं ऐकत होती. मग याडीनं कमरेची पिशवी सोडून गुळाचा खडा आणि तुपाची बाटली काढली.

"आता निखारे द्या बापा. भोग द्याचा आहे."

"क... काय?"

"निखारे. तूप-गूळ जाळावं लागते ना देवापुढे."

पंपाचा व्यवस्थापक माझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडला. "आजी, हात जोडतो. माझी नोकरी जाईल. नोकरी काय, पंपच जाईल!"

"विहीर आहे ना खाली," याडी समजावणीच्या सुरात म्हणाली. "भडकलं तर पाणी आहे."

शेवटी नाझरसाहेब मध्ये पडले. त्यांनी रजिस्टर उघडलं, तीन रकाने: पूर्वीचं ठिकाण, हल्लीचं ठिकाण, शेरा. शेऱ्यात लिहिलं, 'मीठ अर्पण केले. अग्नी प्रलंबित.' आणि ते याडीला मोठ्यानं वाचून दाखवलं. कागदावर चढलं म्हटल्यावर तिचं समाधान झालं. व्यवस्थापकानं मिठाची पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि दिवसभर मीटरवर ठेवली, असं नंतर कळलं.

तिसऱ्या मुक्कामाचा वड गेला, तिथे बिअर बार. नाझरसाहेबांचा शेरा: 'वर्दळ पूर्ववत.' तिथल्या गिऱ्हाइकांपैकी दोघं मात्र पुढचा अर्धा कोस आमच्यामागं रडत आले. त्यांना त्यांच्या आज्या आठवल्या होत्या.

खिंड होती तिथे टोलनाका निघाला. याडी सरळ मधल्या रांगेत शिरली. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये हिऱ्या. खिडकीतल्या माणसानं डोकं बाहेर काढलं. "हे कोणतं वाहन म्हणायचं?"

"लदेणी," याडी म्हणाली.

"यादीत नाही."

"तुझ्या यादीच्या आंधीची आहे थे." आणि ती गाऊ लागली. खिंडीच्या आई, आमचे बैल मोज, आमची माणसं मोज, जितके आलो तितके पलीकडे जाऊ दे. तिनं खिडकीत मिठाची पिशवी ठेवली. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला नाही. उतरून, टोपी काढून उभा राहिला. दांडा वर गेला. "जा आजी," खिडकीतला माणूस म्हणाला, "कालच इथी अपघात झाला. माझ्याबी नावानं एक डाव म्हणून ठेव."

तिथून पुढे मी थट्टा थोडी कमी केली. थोडीच.

होळीपर्यंत आम्ही पुसदच्या बाजूला पोचलो. बावीस कडवी झाली. कधी तरी, न ठरवता, मी याडीच्या मागून नव्हे, तिच्याबरोबर म्हणू लागलो होतो. ती कुठे अडखळली की पुढचा शब्द माझ्या तोंडून यायचा आणि ती हिऱ्याच्या कानात म्हणायची, "पाह्य, शिकून राह्यला."

आणि मग वाट तलावात गेली. खरोखरच. डांबर संपलं, बैलगाडीची जुनी चाकोरी दिसली आणि ती सरळ पाण्यात उतरली. शेवटचा मुक्काम, शेवटचं कडवं, दोन्ही धरणाच्या पाण्याखाली. नाझरसाहेब रजिस्टर उघडून बसले, पण त्यांना शेरा सुचेना. याडी गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. हिऱ्या पाणी प्यायला.

"अजून थोडं पुढे होतं," ती म्हणाली. "दिसून नाही राह्यलं."

"उन्हाळ्यात पाणी उतरते, याडी."

"पाणी उतरन. गुडघे थांबतीन काय?"

नाही थांबले. वैशाखात याडी खाटेवरून न्हाणीपर्यंत जाईना. चालणं गेलं तसं बाकीचंही गेलं. मला ती ओळखायची, नाझरसाहेबांना डॉक्टर म्हणायची. तलाव आटल्याचा निरोप आला त्या दिवशी तिला सांगितलं, तर ती नुसतं हसली. मी दुकानातून एक प्लास्टिकची खुर्ची घेतली, तिला दोन बांबू बांधले. मी, नाझरसाहेब आणि तांड्यातले दोघे, अशा चौघांनी याडीला भेगाळलेल्या गाळावरून आत नेलं. हिऱ्या पुढे. नाझरसाहेबांच्या खांद्याकडे खुर्ची सतत कलत होती. पाठीवर 'मंगलकार्यासाठी संपर्क साधा' असं रंगवलेल्या खुर्चीत आमचा सगळा धर्म एका बाजूला झुकून चालला होता.

तिथे दगडच दगड. याडीनं बोट दाखवलं.

"हाच दगड कशावरून?" नाझरसाहेबांनी धापा टाकत विचारलं.

"थो कायचा दगड? थो देव आहे. दगड ते बाकीचे."

तिनं उतरवायला लावलं. माझ्या आणि हिऱ्याच्या मध्ये, एक हात माझ्या खांद्यावर, एक त्याच्या पाठीवर, अशी ती चालू लागली. मी मागची कडवी म्हणत गेलो. विहीर, वड, खिंड. ती ओठ हलवत होती. नऊ पावलं, मी मोजली. नवव्याला ती थांबली, मला गप्प केलं, आणि वीस वर्षांपूर्वीच्या आवाजात गायली:

गोणी उतर, दावं सोड, चूल मांड. वाट संपली नाही, पण आज इथंच.

एवढंच. दोन ओळी. मी त्या तिच्यामागून तीनदा म्हटल्या. नाझरसाहेब लिहायचं सोडून डोळे पुसत होते. आम्ही हिऱ्याच्या गोण्या उतरवल्या, उरलेलं मीठ देवापुढे ओतलं आणि या वेळी निखारे करून भोगही दिला. आजूबाजूला पेटण्यासारखं काही नव्हतं.

परत नेताना याडी खुर्चीत अगदी हलकी झाली होती. चौघांनाही तसं वाटलं. मला मात्र थांबवेना. कडवी एकामागून एक येत होती; मी चालत होतो आणि म्हणत होतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. काठ जवळ आला तेव्हा तिनं वळून पाहिलं. कुणी अनोळखी, पण बरा माणूस भेटावा, तसं.

"काय म्हणून राह्यला रे? गोड आहे. कोणाचं आहे?"

माझा खांदा ठणकत होता.

"आपलंच आहे, याडी."

"आपलं?" ती खूश झाली. पदर सारखा करून नीट बसली. "मग जरा सुरात म्हण ना, बापा."