सहाव्या चौकोनातला बुटका

भंगारवाला दारात उभा होता आणि बाबा त्याला म्हणाले, "तो डबा बी घेऊन जा."

डबा म्हणजे आमचा कॉम्प्युटर. आईने जुन्या पडद्याचं शिवलेलं झाकण अंगावर घेऊन तो बैठकीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसला होता. त्याच्यावर औषधांची पिशवी, लग्नपत्रिका आणि एक बंद पडलेलं घड्याळ असायचं. मी कृषी सहायक आहे, बुलडाण्याजवळ चिखलीला राहतो आणि दर रविवारी उंद्रीला आईबाबांकडे येतो. त्या रविवारी नेमका मी घरात होतो, म्हणून डबा वाचला.

"आधी चालू होतो का पाहू," मी म्हणालो.

"तुले बंद वस्तू चालू करायची नोकरी लागली का?" बाबांनी विचारलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण प्रश्न विचारायचं काही थांबलेलं नाही. भंगारवाला घड्याळ घेऊन गेला.

चिखलीच्या दुरुस्तीवाल्याने पॉवर सप्लाय बदलला आणि विचारलं, "सर, आत काही महत्त्वाचं आहे का?" मी हो म्हणालो. काय आहे ते सांगितलं नाही. चाळिशीतल्या माणसाने आत एक बुटका अडकलाय असं लोकांना सांगत फिरू नये.

तो कॉम्प्युटर बाबांनी माझ्या आणि ताईच्या शिक्षणासाठी घेतला होता. ताई तेव्हा अकरावीत आणि मी आठवीत. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी सोबत सीडींची एक पिशवी दिली आणि तिच्यात तो गेम निघाला. तलवारी, जादूगार, राक्षस, आणि सगळा कारभार इंग्रजीत. सहा जणांची टोळी घेऊन मुलुखभर हिंडायचं. स्क्रीनच्या कडेला सहा चौकोन, प्रत्येकात एकेकाचा चेहरा. प्रत्येकजण भेटला की पानभर बोलायचा आणि ते पान समजल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. म्हणून ताईने वही केली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये पट्टीने मारलेली रेघ. बाबा येता-जाता वही पाहायचे आणि खूश व्हायचे. पोरगी अभ्यास करते आहे असं त्यांना वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं. ताई आज इंग्रजीच शिकवते.

आमची टोळी काही सज्जन नव्हती. सकाळी विहारात आम्ही दोघं सगळ्यांसोबत पंचशील म्हणायचो आणि दुपारी कॉम्प्युटरसमोर बसून ती मोडायचो. माणसं मारली. लोकांच्या घरात शिरून पेट्या उघडल्या. पहारेकऱ्याशी खोटं बोललो. खाणावळीत दारू प्यालो, कारण दारू पाजली की खाणावळवाला बातम्या सांगायचा. पाचांपैकी चार शीलं मोडली. तिसऱ्याची, म्हणजे व्यभिचाराची, सोय गेममध्ये नव्हती.

पण पहिल्या मोठ्या शहरात देऊळ लागलं आणि ताईने माऊसवरचा हात काढला.

"हे टेंपल आहे," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? बाबांनी काय सांगितलं आहे?"

बाबांनी सांगितलं होतं की देवळाची पायरी चढायची नाही. आमच्या घरात हे ओरडून कधी सांगितलं गेलं नाही आणि त्यावर चर्चाही झाली नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून ते ठरलेलं होतं. मी वाद घातला की हा आपल्याकडचा देव नाही, कुठला तरी पहाटेचा देव आहे, बाबांना त्याचं नावही माहीत नसेल. ताईने डिक्शनरी उघडून माझ्यासमोर धरली. टेंपल म्हणजे देऊळ. विषय संपला. त्यानंतर त्या गेममध्ये जेवढी म्हणून देवळं लागली, त्यांना वळसा घालून आम्ही पुढे गेलो.

बुटका आम्हाला एका घाटात भेटला. कमरेएवढा माणूस, लाल दाढी, हातात कुऱ्हाड, तोंडात सतत तक्रार. रस्ता खराब आहे, जेवण वाईट आहे, पुढारी मूर्ख आहे. ताईचा तो फार लाडका होता. मला वाटतं तो तिला बाबांसारखा वाटायचा, पण हे मी तेव्हा बोललो नाही, आत्ताही तिच्यासमोर बोलणार नाही. आठ पायांच्या कोळ्यांच्या जंगलात त्याला विष चढलं आणि आमच्याकडची औषधं संपली होती. तो मेला. त्याचा चौकोन राखाडी झाला.

मेलेल्याला टोळीतून काढून टाकायची सोय होती. काढला की सहावी जागा मोकळी होते आणि नवा माणूस घेता येतो. खाणावळीत एक तिरंदाज बाई रिकामी उभीच होती. मी ताईला चार दिवस समजावलं. ती काही ऐकेना. पाच जिवंत आणि एक मेलेला, असे आम्ही पुढे निघालो आणि एका पुलावर अडकलो. पुलाच्या रक्षकाने आम्हाला किती वेळा मारलं ते मोजायचं मी सोडून दिलं. मग ताई शिकायला बुलडाण्याला गेली, मी दहावीत गेलो, आणि आईने झाकण शिवलं.

आता दुरुस्त झालेला डबा पुढच्या रविवारी बैठकीत चालू झाला तेव्हा पहिल्यांदा मला जाणवलं की तो किती आवाज करतो. पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटत होतं. गेमही उघडला. ज्या शहरात आपण हरवून जाऊ अशी मला भीती वाटायची, त्यात मोजून चौदा माणसं होती. आमच्या बसस्टॉपवर याहून जास्त असतात.

मग मी जुन्या नोंदींची यादी उघडली. तेव्हा लोडशेडिंगमुळे दर दहा मिनिटांनी गेम सेव्ह करायची सवय होती, आणि प्रत्येक वेळी ताई त्याला नाव द्यायची. इंग्रजी अक्षरात, भाषा आपली. "लाइट जाईन". "बाबा आले". "जेवाले बोलावते". "बाबा आले दोन". सगळ्यात शेवटचं, ती बुलडाण्याला जायच्या आदल्या दिवशीचं नाव होतं, "याले सोडू नको".

हे मी तेव्हा वाचलं नव्हतं. ती गेल्यावर मी गेम उघडलाच नाही. एकट्याने खेळायला मला आवडत नव्हतं, आणि हे मी तिला कधीच सांगितलं नाही.

इथे ताईच्या लग्नाचं सांगावं लागेल. तिने सोबतच्या शिक्षकाशी लग्न ठरवलं, देऊळगाव राजाच्या. माणूस चांगला आहे. त्यांच्याकडे लग्न कुलदेवीच्या देवळातच लागतं, आणि त्याची आई त्यावर अडून बसली. ताई बाबांना म्हणाली, "तुम्ही वर येऊ नका बाबा. खाली उभे राहा, मी लगन लागलं का खाली येते."

बाबा म्हणाले, "खाली माहा बाप उभा राह्यला जल्मभर. मी नाई राह्यत."

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून त्यावर काही उपाय नव्हता. बाबा गेले नाहीत. मी गेलो, पायऱ्या चढलो, पंगतीत बसून जेवलो, आणि घरी आल्यावर बाबांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. मला त्या दोघांचा राग होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. त्याला नऊ वर्षं झाली. ताई घरी येत नाही आणि बाबा तिच्याकडे जात नाहीत. कोणी विषय काढला की ते म्हणतात, गुडघे दुखतात. गुडघे खरंच दुखतात. त्याच गुडघ्यांनी ते चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सबंध गाव चालतात. दर रविवारी चार वाजता ताईचा आईला फोन येतो. तेव्हा बाबा टीव्हीचा आवाज बंद करतात आणि नुसत्या हलणाऱ्या तोंडांकडे पाहत बसतात.

तर ताईची ती शेवटची नोंद मी उघडली. राखाडी चौकोन समोर होता आणि पुलाच्या रक्षकाचं काय करायचं ते मला आठवत नव्हतं. कोपऱ्यात, डब्याच्या मागे भिंतीशी ताईची वही तशीच होती. मी पानं उलटली. पूल सापडला नाही. शेवटून तिसऱ्या पानावर डावीकडे एक शब्द होता, रिझरेक्ट. उजवीकडे लिहिलं होतं: मेलेल्याला जिवंत करणे. देवळात करून मिळते. आपण जायचे नाही.

मी ते तीनदा वाचलं. म्हणजे तिला माहीत होतं. मला सांगितलं नाही, कारण मी गेलो असतो.

बाबा बाजूच्या खुर्चीवर पेपर वाचत होते. निदान पेपर त्यांच्यासमोर होता. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी वही त्यांच्याकडे दिली. त्यांनी चष्मा पुसला, सवयीने आधी स्पेलिंग तपासलं, मग उजवीकडचं वाचलं. मग तेच पुन्हा वाचलं.

"कोन मेलं?" ते म्हणाले.

मी सांगितलं. बुटका, घाट, कोळी, विष. निवृत्त मुख्याध्यापकाला हे सांगताना मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी लाज वाटली.

"आन् हे देऊळ कुठी हाय?"

मी टोळी मागच्या शहरात नेली आणि देवळाच्या दारात उभी केली. पांढऱ्या दगडाची इमारत, समोर चार पायऱ्या. इतक्या वर्षांत आम्ही इतक्या जवळ कधी आलो नव्हतो.

"पुजारी जात विचारते का?"

"नाही."

"कोनी अडवते का दारात?"

"नाही. कोणीही जाऊ शकतो."

"नारळ, हार, काही?"

"नाही. फी घेतो आणि बरं करतो."

बाबांनी थोडा विचार केला. "मंग दवाखाना हाय तो," ते म्हणाले. "पाटी चुकीची लावली त्याहीनं."

मी हसलो नाही, कारण ते हसत नव्हते. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा तिचा लाडका होता म्हन्तोस?"

"हो."

"आन् तिले माहीत होतं का तो जिता होते."

"हो."

"तरी नाई गेली."

"तुम्ही सांगितलं होतं ना," मी म्हणालो.

डबा गिरणीसारखा घरघरत होता. मग त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ने त्याले आत. काऊन उभा राह्यला दारात?"

मी आत गेलो. पुजाऱ्याने यादी दाखवली, मी राखाडी चौकोनावर क्लिक केलं. एक घंटा वाजली, थोडा उजेड झाला आणि चौकोनात लाल दाढी परत आली. बुटका उभा राहिला आणि म्हणाला की इथे फार थंडी आहे.

"काय म्हन्ते?" बाबांनी विचारलं.

"तक्रार करतो आहे."

"करू दे," बाबा म्हणाले. मी लगेच गेम सेव्ह केला. लोडशेडिंग आता पूर्वीसारखं नसतं, पण सवय.

चार वाजले होते. आईचा फोन टेबलावर वाजला. आई अंगणात बायांसोबत मिरच्यांची देठं खुडत होती, आणि अशा वेळी आमच्यापैकी एकजण तिला हाक मारतो. मी तोंड उघडलं. बाबांनी मला हाताने थांबवलं आणि फोन उचलला. हॅलो वगैरे काही नाही.

"तुहा बुटका जिवंत झाला," ते म्हणाले.

मला वाटलं तिने फोन ठेवला. मग आवाज आला, "कोणता?"

"लाल दाढीवाला. कुऱ्हाड हाय त्याच्यापाशी."

मग ती हळू म्हणाली, "देवळात नेलं त्याले?"

"दवाखान्यात नेलं," बाबा म्हणाले. "मीच ने म्हनलं."

आईच्या फोनचा स्पीकर फाटला आहे. त्यातून हसणं आणि रडणं सारखंच ऐकू येतं, त्यामुळे ताई काय करत होती ते मला सांगता येणार नाही. बाबा थांबले. त्यांनी मांडीवरची वही सरळ केली, तिचा दुमडलेला कोपरा बोटाने दाबून बसवला.

"तुह्या घराले पायऱ्या किती हाय?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"कठडा हाय का? माहे गुडघे दुखतात."

"कठडा नाई बाबा," ताई म्हणाली. "मी येते नं खाली."